बाळ पिवळं दिसतंय? फोटो असा काढा

सांगली म्हणजे हळदीचं गाव, आणि आमच्याकडे बाळाच्या अंगालाही हळद लागते. नवजात बाळाची कावीळ लपते ती त्या हळदीखालीच. त्यामुळे पहिलं काम मोबाइलचं नाहीच. फोटोच्या दिवशी बाळाला हळद, बेसन, पावडर काही लावू नका.

पूर्ण दिवसांच्या 100 बाळांतली साधारण 60 पहिल्या आठवड्यात थोडीफार पिवळी होतात. त्यांच्या यकृताला बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं पिवळं द्रव्य, अजून झपाट्यानं बाहेर टाकता येत नाही. बहुतेकांचा पिवळेपणा आपोआप उतरतो, पण काहींचं बिलिरुबिन इतकं चढतं की मेंदूला कायमची इजा होते.

आता उजेड. बाळंतिणीची खोली म्हणजे बंद खिडक्या, शेगडी आणि वर पिवळा बल्ब. तिथं कुठलंही बाळ पिवळंच दिसणार! दिवसा खिडकीजवळ या, पण बाळावर थेट ऊन नको. रंगीत पडदा बाजूला सारा, दुपटं पांढरं घ्या. फ्लॅश, फिल्टर, ब्यूटी मोड बंद. छातीशेजारी कोरा पांढरा कागद ठेवा. मोबाइल रंग स्वतःच्या मनानं बदलतो. कागद कसा दिसतो यावरून पिवळेपणा बाळाचा की उजेडाचा, याचा अंदाज येतो. कावीळ ओळखणाऱ्या काही ॲपसोबत रंगांचं कार्ड असतं, तेही याचसाठी.

एकानं बाळाच्या छातीवर बोट हलकेच दाबून उचलायचं, दुसऱ्यानं त्याच क्षणी फोटो घ्यायचा. दाबलेली जागा पिवळी दिसली तर लक्ष द्या. सावळ्या बाळात त्वचेपेक्षा डोळ्यांचा पांढरा भाग जास्त सांगतो. मात्र पापण्या ओढून उघडू नका. बाळ आपणहून डोळे उघडेल तेव्हा टिपा. रोज तीच खिडकी, तीच वेळ. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटोचा दर्जा घसरतो. आणि पाठवायचा तो डॉक्टरांना किंवा आशाताईंना, भावकीच्या ग्रुपवर नाही.

लंडन आणि घानातल्या संशोधकांनी डोळ्यांच्या फोटोवरून कावीळ ओळखणारं ॲप घानात तपासलं, तेव्हा तीव्र काविळीच्या 79 बाळांपैकी 74 सापडली. पाच निसटली. म्हणून फोटो पिवळा आला तर रक्त तपासायला जा. फोटो बरा आला म्हणून जाणं टाळू नका.

काही वेळा तर फोटो काढत बसूच नका. जन्मल्यापासून 24 तासांच्या आत पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ दूध ओढेना, सारखं झोपून राहतंय किंवा किंचाळल्यासारखं रडतंय, तर 102 किंवा 108 ला फोन करा. कोवळ्या उन्हात धरणं हा निळ्या दिव्याखालच्या उपचाराला पर्याय नाही, मग आजी काहीही म्हणोत. सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार मोफत आहेत.

लंगोटाकडेही बघत जा. शी चुन्यासारखी पांढरट झाली तर तिचाही फोटो घ्या आणि त्याच दिवशी दाखवा. पित्तनलिका बंद असू शकते, आणि तिची शस्त्रक्रिया बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत झालेली बरी.