परदेशी जाताना लशी घ्यायच्यात? मेडिकलमध्ये भाव विचारताना या चुका टाळा

सांगली-मिरजेत मेडिकलला फोन करून "लशीचा रेट काय?" विचारलं की एक आकडा कळतो, आणि बरेच जण त्यावरच तुलना उरकतात. तो आकडा नुसत्या कुपीचा असतो. मेडिकलवाला लस विकतो, टोचायला डॉक्टर लागतो आणि त्यांची फी वेगळी. हॉस्पिटलचा रेट जास्त वाटला, तर आधी त्यात फी धरलीय का ते विचारा.

पुढचा प्रश्न डोस किती. हिपॅटायटिस ए ची नेहमीची लस सहा महिन्यांच्या अंतरानं दोनदा घ्यावी लागते. रेट एकाचाच सांगतात. टायफॉइडची जुनी लस स्वस्त, पण दोन-तीन वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते. काँज्युगेट (प्रथिनाला जोडून बनवलेला) प्रकार महाग असला तरी जास्त टिकतो. वारंवार जाणाऱ्याला तोच परवडतो.

उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, जाणाऱ्यांनी तर प्रकार बघूनच घ्यावी. मेनिंजायटिसची लस सौदीत पोचण्याच्या किमान 10 दिवस आधी हवी. साधी 3 वर्षं चालते, काँज्युगेट 5. दाखल्यावर प्रकार लिहिला नसेल तर 3 वर्षंच धरतात, म्हणजे महागडी घेऊनही तोटा.

केनिया, युगांडा, नायजेरियाला निघालेले यलो फीव्हरची लस मेडिकलमध्ये शोधत बसतात. ती तिथं मिळतच नाही. केंद्र सरकारनं मान्यता दिलेल्या केंद्रांवरच मिळते, त्यातलं एक पुण्यात आहे. एका कुपीत अनेक डोस असतात आणि आतली पावडर द्रवात कालवल्यावर ती काही तासांतच संपवावी लागते. त्यामुळे बरीच केंद्रं ठरलेल्या वारीच लस देतात. नाव न नोंदवता गेलात तर पुण्याची फेरी अंगावर. दाखला 10 दिवसांनी लागू होतो. परतताना तो नसेल तर विमानतळावरूनच क्वारंटाइन, 6 दिवसांपर्यंत. जुना दाखला असेल तर मात्र खर्चच नाही: 11 जुलै 2016 पासून तो आयुष्यभर चालतो, वर 10 वर्षं छापलेलं असलं तरी.

सवलतीपायी लांबच्या दुकानातून लस आणायची आणि मेच्या उन्हात डिकीत टाकायची, हा तर शुद्ध वेडेपणा. तिला 2 ते 8 अंश लागतात. बर्फाला चिकटवून आणणंही चूक, गोठली की हिपॅटायटिसची लस वाया जाते. जिथं टोचणार तिथल्याच फ्रिजमधली घ्या. छापील किमतीवर थोडी सूट तिथंही मागता येते. बॅच नंबर आणि मुदत बघून बिल घ्या, कुपीवरचं स्टिकर कार्डावर लावून घ्या.