मिसेल म्हणजे बंद डबा नव्हे: डायलिसिसमधल्या या चुका टाळा

सोलापुरात एप्रिल उजाडला की पारा चाळिशी ओलांडतो आणि प्रयोगशाळेतली मुलं प्रत्येक द्रावण फ्रिजमध्ये ठेवायला लागतात. एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट, साबणासारखा फेस करणारा पदार्थ) मात्र ठेवू नका. साधारण 16 अंशांच्या खाली ते पाण्यात फारसं विरघळत नाही आणि त्याचे पांढरे स्फटिक खाली बसतात. एकदा खाली बसलं की वरचं नितळ द्रावण घेऊन काढलेलं रीडिंग कशाचं, हे कुणालाच सांगता येणार नाही.

दोन वर्षांपूर्वी एम.एस्सी.च्या एका मुलाला पॉलिमरच्या द्रावणातून एसडीएस काढायचं होतं. 100 मिलीमोलर द्रावण डायलिसिसच्या नळीत (बारीक छिद्रांच्या पडद्याची नळी, जिच्यातून लहान रेणूच बाहेरच्या पाण्यात जातात) भरलं, ती पाण्याच्या बीकरमध्ये सोडली, बीकर फ्रिजमध्ये ठेवलं आणि तो दोन दिवसांनी आला. नळीत खडीसाखरेसारखा थर! तो कोमट पाण्यात विरघळवला आणि दुसरा प्रयत्न बाहेर टेबलावर केला. दुसऱ्या दिवशीही नळी हलवली की भरपूर फेस. तो म्हणाला, "मॅडम, मिसेल रेणू सोडतच नाही."

नेमकी इथेच गफलत होते. मिसेल म्हणजे एसडीएसच्या रेणूंनी पाण्यात एकत्र येऊन केलेला पुंजका. एसडीएसचा एकेक रेणू मिसेलमधून पाण्यात आणि पाण्यातून मिसेलमध्ये मायक्रोसेकंदांच्या हिशेबात ये-जा करतो. आख्खा मिसेल जुळायला किंवा मोडायला त्याहून खूप जास्त वेळ लागतो, मिलिसेकंद किंवा त्याहूनही अधिक. अनियान्सन आणि वॉल यांनी 1974 मध्ये या दोन वेगांचा हिशेब वेगळा मांडला. पण या दोन्हींपुढे डायलिसिसचे तास म्हणजे युगं. अडचण सोडण्याची नाहीच.

अडचण दाराशी आहे. साठेक रेणूंच्या मिसेलचं वस्तुमान सुमारे 18,000 डाल्टन, आमच्या नळीची मर्यादा 12,000. बाहेर पडतात ते सुटे रेणूच, आणि सुट्या रेणूंचं प्रमाण सीएमसीपाशी (ज्या प्रमाणापासून मिसेल जुळायला लागतात तिथे), म्हणजे 25 अंशांना 8 मिलीमोलरच्या आसपास अडकतं. आत 100 असो की 200, बाहेर ढकलणारा जोर जवळपास तेवढाच. उरलेला साठा मागून भरपाई करत राहतो.

म्हणून मी आधी पंधरापट विरळ करते. एकूण प्रमाण 7 मिलीमोलरच्या, म्हणजे सीएमसीच्याही खाली येतं आणि सगळे रेणू सुटे होतात; नळी जास्त लागते आणि तिचा पृष्ठभागही वाढतो. बाहेरचं पाणी चार-चार तासांनी बदलते, दर वेळी त्याची कंडक्टिव्हिटी (वीज वाहण्याची क्षमता, एसडीएस बाहेर आलं की ती वाढते) वहीत लिहिते. पॉलिमर नंतर घट्ट करता येतो. "रात्रभर ठेवलंय" हे उत्तर मला चालत नाही.

ट्रायटनसारख्या कमी सीएमसीच्या सर्फॅक्टंटला (एसडीएससारख्याच साबणी पदार्थाला) डायलिसिस लावूच नका, महिना जाईल.

बोअरचं पाणी वापरू नका. त्यातल्या कॅल्शियममुळे एसडीएस साका होऊन बसतं. पोटॅशियमचं बफरही नको, तेही साका पाडतं.

मीठ घातलंत तर सीएमसी घसरते: 0.1 मोलर सोडियम क्लोराइडमध्ये ती दीड मिलीमोलरच्या आसपास येते. वरचं गणित मग नव्याने करावं लागतं.

द्रावण जोरात हलवू नका. पिपेटमध्ये फेस घेऊन आकारमान मोजणाऱ्यांना मी पुन्हा पहिल्यापासून करायला लावते. तो मुलगाही दोनदा परत करून गेला, तिसऱ्या वेळी त्याच्या बाहेरच्या पाण्याचं रीडिंग डिस्टिल्ड वॉटरच्या जवळ आलं.