वेल्डिंगसाठी सिलिंडर केवढा घ्यायचा?

वर्कशॉप केवढं आहे ते सोडा, रोज प्रत्यक्ष आर्क (धातू वितळवणारी विजेची ठिणगी) किती वेळ पेटतो ते मोजा. १५० बार दाबाला भरलेल्या ४७ लिटरच्या सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर (बाहेरच्या हवेच्या दाबाला मोजलेला) आर्गॉन मावतो; हा वेल्डला हवेपासून वाचवणारा गॅस. मिग गनला (तार आपोआप पुढे सरकवणारी वेल्डिंगची गन) मिनिटाला १२ लिटर सोडलात तर साडेनऊ तासांहून जास्त आर्क चालतो. १० लिटरवाला दोन तासांत ठणठणीत रिकामा.

अ‍ॅसिटिलीनचं, म्हणजे ज्योतीच्या वेल्डिंगमध्ये जळणाऱ्या गॅसचं, गणित वेगळं. तासाभरात एकूण गॅसच्या सातव्या हिश्श्याहून जास्त ओढला, की हा गॅस ज्यात विरघळवून ठेवलेला असतो ते आतलं द्रव अ‍ॅसिटोन पाइपात येतं आणि ज्योत बिघडते. मोठ्या नोझलला छोटा सिलिंडर लावूच नका, काम पाच मिनिटांचं असलं तरी. आणि हो, मोठा सिलिंडर उभा साखळीने बांधायला जागा आहे ना?