गळका नळ घरच्या घरी कसा दुरुस्त करावा

नळ ठिबकू लागला की घरातला जो तो जाता-येता त्याला आणखी पिळतो. दोन दिवस थेंब थांबतो, मग पुन्हा सुरू होतो, आणि तोवर आतलं पितळ कापलं गेलेलं असतं. खानदेशात हे जरा लवकरच होतं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कितीतरी बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, आणि पावसाळ्यात लाइनच्या पाण्याबरोबर बारीक गाळही येतो. क्षाराचा कण वॉशरखाली अडकला की नळ पूर्ण बसत नाही. जोर लावला की तोच कण वॉशरमध्ये रुततो आणि खालच्या पितळी कडेला चर पाडतो. म्हणून गळणारा नळ पिळायचा नाही, खोलायचा. गच्चीवरची टाकी नळापासून 3 मीटर उंच असेल तर नळावर दाब जेमतेम 0.3 किलो प्रति चौरस सेंटीमीटर पडतो. एवढं पाणी अडवायला दोन बोटांचा जोर पुरायला हवा. तो पुरत नसेल तर आत काहीतरी बिघडलंय.

किती पाणी जातंय ते एकदा मोजून बघाच. नळाखाली तासभर पेला ठेवा. 200 मिलीचा पेला तासात भरला तर दिवसाला 4.8 लिटर, महिन्याला 144 लिटर पाणी मोरीत गेलं. ज्या घरात पाणी दोन-चार दिवसांआड येतं, तिथे हे दहा-बारा कळशा पाणी आहे.

गळती नेमकी कुठून?

नळ बंद असताना तोंडातून थेंब पडत असेल तर दोष वॉशरचा, बैठकीचा (वॉशर ज्या गोल कडेवर टेकतो ती) किंवा, पाव फेरीच्या नळात, सिरॅमिक स्पिंडलचा (स्पिंडल म्हणजे मुठीखालची फिरणारी दांडी). नळ चालू केल्यावर मुठीखालून पाणी झिरपत असेल तर वॉशर चांगला आहे, वरचं पॅकिंग किंवा ओ-रिंग (दांडीभोवतीची रबरी कडी) गेली आहे. भिंतीजवळ ओल दिसत असेल तर आटे गळताहेत. आणि बंद केल्यावर मिनिटभर चार-दोन थेंब पडून थांबत असतील तर ती गळती नव्हे. तोंडाशी जाळी असलेल्या नळात तेवढं पाणी अडकून राहतंच.

काय लागेल

ॲडजस्टेबल पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, टेफ्लॉन टेप, जुना टूथब्रश, व्हिनेगर किंवा दोन लिंबं, आणि अर्धा इंची (दुकानात चार सूतही म्हणतात) नळाचे दोन-तीन वॉशर. वॉशर अंदाजाने आणू नका. नळ खोलून जुना वॉशर खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात जा. बाहेरचा घेर, जाडी आणि मधलं भोक तिन्ही जुळलं पाहिजे. सोलर किंवा गीझरच्या नळाला साधा काळा रबर नको, तो गरम पाण्याने फुगतो आणि चिरतो. उष्णता सोसणारा वॉशर वेगळा मागून घ्या.

आधी पाणी बंद

टाकीखालचा व्हॉल्व बंद करा आणि सगळ्यात खालचा नळ उघडून पाइपातलं पाणी काढून टाका. जुना गेट व्हॉल्व क्षाराने जाम झालेला असतो. तो पाना लावून फिरवलात तर आतली दांडी तुटते आणि पाव तासाचं काम दिवसभराचं होतं. फिरत नसेल तर सोडून द्या आणि टाकी रिकामी होण्याच्या वेळेला काम काढा. अंगणातला थेट लाइनवरचा नळ असेल तर पाणी नसलेल्या दिवशीच हात घाला. त्या नळाच्या मागे बहुतेक वेळा व्हॉल्वच नसतो, आणि मुख्य लाइनवरचं फेरूल (जिथून घराची जोडणी निघते तो तुकडा) हे पालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं काम आहे, आपलं नाही.

उन्हाळ्यात ही दुरुस्ती सकाळी उरका. गच्चीवरच्या पाइपातलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं, आणि ऐन मे महिन्यात घर पाण्याविना ठेवणं परवडत नाही.

वॉशरचा नळ: पायरी पायरीने

1. बेसिनच्या भोकात चिंधी कोंबा. छोटा स्क्रू एकदा आत गेला की गेला.

2. मुठीवरची टिकली सुरीच्या टोकाने उचला, खालचा स्क्रू काढा, मूठ सरळ वर ओढा. मूठ क्षाराने चिकटली असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं वीसेक मिनिटं गुंडाळून ठेवा. हातोडी नको.

3. आता स्पिंडलचा षटकोनी नट दिसेल. नळ अर्धवट उघड्या स्थितीत ठेवा, एका हाताने नळाचं अंग घट्ट धरा आणि नट घड्याळाच्या उलट दिशेने सोडवा. हे अंग धरणं फार महत्त्वाचं आहे. ते न धरता जोर लावला तर नटाऐवजी अख्खा नळ फिरतो आणि भिंतीतला प्लास्टिकचा एल्बो (वळणाचा जोड) तडकतो. ती गळती दिसत नाही. भिंत पोपडे धरू लागली की कळते. नळ चकचकीत असेल तर पक्कड लावण्याआधी खाली कापड गुंडाळा, नाहीतर मुलामा खरवडतो.

4. स्पिंडल बाहेर आला की त्याच्या खालच्या टोकाला पितळी तुकडा आणि त्यावर वॉशर असतो. काही नळांत हा तुकडा सुटा असून नळातच राहतो, तो पकडीने काढा. वॉशरवर गोल खाच पडलेली असेल, कड तुटली असेल किंवा रबर दगडासारखा झाला असेल, तर तो बदला. खाचेत पांढरा कण सापडला तर गळतीचं कारण तुमच्या हातात आहे.

5. नवा वॉशर बसवण्याआधी नळाच्या आत बोट घाला आणि वॉशर ज्या गोल कडेवर टेकतो ती बैठक चाचपा. बहुतेक जण हे करत नाहीत, आणि म्हणूनच नवा वॉशर घालूनही महिन्याभरात नळ पुन्हा ठिबकतो. कड गुळगुळीत लागली तर उत्तम. खरखरीत लागली तर तो क्षार आहे: कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये भिजवून अर्धा तास कडेवर ठेवा, मग टूथब्रशने घासा. नखाला चर लागत असेल तर पितळ कापलं गेलंय. मग सीट कटर असलेल्या प्लंबरकडून कड सपाट करून घ्यावी लागते. नळ हलका असेल तर नवा घेणंच स्वस्त पडतं. प्लास्टिकच्या नळाची बैठक कापली गेली असेल तर विचारच करू नका, बदला.

6. जोडण्याआधी नळाखाली बादली धरून व्हॉल्व क्षणभर उघडा, म्हणजे सुटलेला गाळ वाहून जाईल. मग स्पिंडल उघड्या स्थितीत ठेवूनच नट आवळा. बंद स्थितीत आवळलात तर नवा वॉशर पहिल्याच दिवशी चेपतो.

ठिबक सिंचनाच्या नळ्यांतून क्षार काढायला शेतावर आणलेलं आम्ल घरच्या नळाला अजिबात वापरू नका. संडास साफ करायचं ॲसिडही नको. क्षाराबरोबर मुलामाही जातो, आणि पितळ खाल्लं जातं.

पाव फेरीत बंद होणारा नळ

यात वॉशर नसतो. सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. स्पिंडल वरच्यासारखाच काढा, तासभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, स्वच्छ पाण्याने धुवा. तळाची रबरी रिंग दबून सपाट झाली असेल तर तेवढीच बदलून भागतं. चकतीवर ओरखडा असेल तर अख्खा स्पिंडल नवा घ्यावा लागतो. जुना सोबत न्या आणि दुकानात चार गोष्टी जुळवा: लांबी, आटे, मुठीत बसणाऱ्या दातांची संख्या, आणि नळ डावीकडे उघडतो की उजवीकडे. शेवटची गोष्ट विसरली की मूठ उलटी फिरते. रबरी रिंगला खोबरेल किंवा गाडीचं ग्रीस लावू नका, रबर फुगतो. सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात पुरे.

मुठीखालून आणि भिंतीतून

मुठीखालून येत असेल तर वरचा छोटा नट आठवा ते चौथा हिस्सा फेरी आवळून बघा. थांबलं नाही तर नट सोडवा, जुनं पॅकिंग टाचणीने उकरून काढा, टेफ्लॉन टेप पिळून त्याची दोरी करा आणि दांडीभोवती घड्याळाच्या दिशेने गुंडाळून नट बसवा. मूठ फिरवायला जड जायला लागली तर जास्त आवळलंय.

भिंतीजवळ गळत असेल तर नळ पूर्ण काढा. आट्यांतला जुना टेप किंवा सुतळी-सफेदा ब्रशने साफ करा. आट्याचं तोंड स्वतःकडे धरून पहिला आटा मोकळा सोडा आणि टेप घड्याळाच्या दिशेने ताणून 10 ते 12 वेढे द्या. उलटे वेढे दिले तर नळ बसवताना टेप गोळा होऊन बाहेर येतो. नळ हाताने जाईल तेवढा बसवा, मग पान्याने एखादी फेरी. तोंड सरळ करायच्या नादात मागे फिरवू नका. मागे फिरवलेला जोड गळतोच. पुढे गेला तर काढा, टेप वाढवा, पुन्हा बसवा.

तपासणी

व्हॉल्व हळूहळू उघडा, नळातली हवा जाऊ द्या, मग नळ दोन बोटांनी बंद करा. प्रत्येक जोडाभोवती कोरडा कागद गुंडाळून तासभराने बघा, बारीक झिरपा डोळ्याला दिसत नाही पण कागदावर उमटतो.

नवा नळच घ्यायची वेळ आली तर लाइनच्या पहिल्या गढूळ पाण्यासाठी वॉशरचा साधा नळ लावा. त्याचा वॉशर काही रुपयांत बदलता येतो, तर सिरॅमिकची चकती गाळाने एका पावसाळ्यात खराब होऊ शकते. पाव फेरीचे नळ टाकीतून येणाऱ्या, गाळ खाली बसलेल्या पाण्यावर ठेवा, आणि टाकी वर्षातून दोनदा, त्यातली एकदा पावसाळा संपल्यावर, धुवा.