हापूसच्या पानातून डीएनए काढायचाय? मग सुरुवात बागेतून करा

आंब्याचा डीएनए काढायचा म्हटलं की सगळे आधी बफरची (पानातून डीएनए सोडवणाऱ्या द्रावणाची) रेसिपी विचारतात, पण मला विचाराल तर अर्धं काम झाडाखालीच होतं नाहीतर बिघडतं. आंब्याच्या पानात पॉलिफेनॉल (तुरट द्रव्यं) आणि पॉलिसॅकराइड (साखरेच्या लांब साखळ्या, आमच्या भाषेत चिकटा) ठासून भरलेली असतात, पान तुटलं चुरगळलं की फेनॉलचं ऑक्सिडेशन सुरू होतं आणि ते डीएनएला असं चिकटून बसतं की नंतर कितीही धुवा, तपकिरी रंग जात नाही आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या लाखो प्रती काढणं, चालत नाही. माझी पहिली खेप अशीच फुकट गेली. मे महिन्यात देवगडहून निबर पानं साध्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून एसटीने रत्नागिरीला आणली, उतरेपर्यंत पिशवीला आतून घाम सुटलेला, पानांच्या कडा काळ्या, आणि डीएनए तपासायच्या जेलवर एका ठळक पट्टीच्या (बँडच्या) जागी वरपासून खालपर्यंत नुसता स्मिअर, म्हणजे तुटक्या डीएनएचा फराटा.

तर आधी झाड. हापूस कोयीतून जसाच्या तसा येत नाही म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या कलमावरच चाललाय, खाली रायवळचा खुंट आणि वर हापूसची काडी, म्हणजे एकाच झाडात दोन वेगळे डीएनए. जोडाच्या खालून फुटवा आला असेल तर त्याची पानं अगदी हाताशी असतात आणि तीच तोडायचा मोह होतो. आमचं एक सॅम्पल कुठल्याच हापूसशी जुळेना, आम्ही तीन वेळा पीसीआर केला, प्रायमर (पीसीआरला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) बदलले, ट्यूबची अदलाबदल झाली का ते तपासलं, शेवटी परत बागेत गेलो तेव्हा तिथले आबा झाडाकडे बघून लगेच म्हणाले, "वरच्या खांदीची पाना घे गो, ह्यो खालचो फुटवो रायवळाचो आसा." जुन्या झाडांत जोड बाहेरून ओळखूही येत नाही, म्हणून मालकाला सोबत घ्या, कलम कधीचं, काडी कुठून आणलेली ते विचारा आणि तिथेच वहीत लिहा.

पान कुठलं घ्यायचं? पालवी. तांबूस रंग उतरून नुकतं पोपटी व्हायला लागलेलं, बोटांनी दुमडलं तर कट्‌ न मोडणारं लुसलुशीत पान. निबर पानात चिकटा जास्त, शिवाय ते कुटताना जीव जातो. करप्याचे डाग किंवा गादमाशीच्या गाठी असलेली पानं नकोत, आणि तुडतुड्यांनी पानावर सोडलेल्या गोड चिकट थरावर काळी बुरशी धरली असेल तर तेही सोडा, कारण मग बुरशीचा डीएनए पण सोबत येतो. चांगलं पान सुद्धा ७० टक्के इथेनॉलच्या कापसाने दोन्ही बाजूंनी पुसून घ्यायचं.

लेबल पेन्सिलने, कागदावर, आणि तो कागद पाकिटाच्या आत. मार्करची शाई इथेनॉल लागलं की पुसली जाते आणि मग दहा पाकिटं आणि शून्य नावं अशी अवस्था होते.

आता नेआण. त्याच दिवशी लॅबला पोचणार असाल तर थर्माकोलचा डबा आणि जेटीवर मासळीसाठी मिळतो तो बर्फ पुरतो, फक्त पानं टिश्यूत गुंडाळून झिपच्या पिशवीत ठेवा, बर्फाचं पाणी पानाला लागता कामा नये. दोन-तीन दिवस फिरायचं असेल तर सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे दाणे. पानाचे छोटे तुकडे करा, पानाच्या वजनाच्या किमान दहापट सिलिका घ्या, २४ तासांत पान कुडकुडीत वाळलं पाहिजे. आपल्याकडची हवा इतकी दमट की सिलिकाचा रंग बघता बघता बदलतो, त्यामुळे जास्तीची सिलिका बरोबर ठेवा आणि रंग बदलला की लगेच पालटा. उन्हात वाळवू नका, पान वाळतं पण हळू, आणि तेवढ्यात डीएनएचे तुकडे पडतात.

लॅबमध्ये मी सीटॅब (पेशी फोडणारं साबणासारखं रसायन) पद्धत वापरते, डॉयल आणि डॉयल यांनी १९८७ मध्ये मांडलेली, त्यात आंब्यासाठी थोडे बदल करून. बफरमध्ये २ टक्के सीटॅब, १.४ मोलर मीठ, २० मिलिमोलर ईडीटीए, १०० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८. यात २ टक्के पीव्हीपी (एक पॉलिमर) घाला, ते फेनॉल धरून ठेवतं, आणि बीटा-मरकॅप्टोइथेनॉल १ टक्का, पण ते वापरायच्या वेळीच आणि फ्यूम हूडमध्येच, वास भयंकर आणि विषारी पण. मीठ एवढं जास्त का तर त्या मिठात डीएनए विरघळलेला राहतो आणि पॉलिसॅकराइडचा बराचसा त्रास टळतो, मीठ कमी पडलं तर सीटॅब डीएनएलाच घेऊन खाली बसतं. हेच थंडाव्याचं, १५ अंशांच्या खाली सीटॅब स्वतःच साका धरतं, म्हणून सीटॅब घातलेली ट्यूब बर्फात ठेवायची नाही, आणि एसीत बाटली गढूळ दिसली तर आधी कोमट करून घ्या.

पान १०० मिलिग्रॅम पुरे. जास्त घेतलं तर डीएनए जास्त मिळत नाही, चिकटाच जास्त मिळतो. लिक्विड नायट्रोजन असेल तर उत्तम, खलबत्ता आधी त्यानेच गार करून मग पीठ होईपर्यंत कुटा. कोकणात ते सहज मिळत नाही, पण गुरांचं कृत्रिम रेतन जिथे होतं तिथे वीर्याच्या कांड्या त्यातच ठेवतात, तिथे रीतसर विचारून बघा. नाहीच मिळालं तर सिलिकात वाळवलेलं पान चिमूटभर निर्जंतुक वाळूबरोबर कोरडंच कुटून सरळ ६५ अंशांच्या गरम बफरमध्ये टाका, मध्ये थांबू नका.

६५ अंशांवर पाऊण तास, दर दहा मिनिटांनी हलक्या हाताने उलटपालट. मग खोलीच्या तापमानाला आणून क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल २४ ला १, तेवढ्याच आकारमानाचं, सेंट्रिफ्यूज करून वरचा थर घ्या, टिपचं टोक कात्रीने कापून, म्हणजे लांब धागे तुटत नाहीत. मधल्या पांढऱ्या सायीला हात लावू नका, वरचं थोडं सुटलं तरी चालेल. आंब्याला हे दोनदा करायचंच. आणि उरलेलं क्लोरोफॉर्म बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत जमा करा, आपल्या आजूबाजूला विहिरी आहेत आणि जांभ्यातून पाणी झिरपायला वेळ लागत नाही.

पुढे गार आयसोप्रोपेनॉल, दोन तृतीयांश आकारमान, आणि ट्यूब अगदी सावकाश आडवी-उभी करा. डीएनए पांढऱ्या कापसाच्या तंतूंसारखा दिसतो. शहाळ्यातल्या कोवळ्या मलईसारखा पारदर्शक थुलथुलीत गोळा आला तर ते पॉलिसॅकराइड. तसं झालं तर टाकून देऊ नका, टीईमध्ये (ट्रिस आणि ईडीटीएचं पातळ द्रावण) विरघळवा, मीठ १ मोलरच्या वर नेऊन इथेनॉलने परत खाली बसवा, बराचसा चिकटा वरच राहतो. मग ७० टक्के इथेनॉलने धुणं, वाळवणं (अती नको, नाहीतर विरघळता विरघळत नाही), टीई, आणि आरएनेझ (आरएनए तोडणारं एन्झाइम) ३७ अंशांवर अर्धा तास.

तपासताना २६०/२८० (२६० आणि २८० नॅनोमीटरला शोषलेल्या प्रकाशाचं गुणोत्तर, त्यावरून शुद्धता कळते) साधारण १.८ आलं की लोक खूश होतात, आंब्यात मी आधी २६०/२३० बघते, ते २ च्या आसपास हवं, खूप खाली असेल तर चिकटा राहिलाय. ०.८ टक्के अगारोजवर वरच्या बाजूला एकच घट्ट बँड दिसला पाहिजे. पीसीआरला डीएनए तसाच न घालता १ ला १० आणि १ ला ५० असं पातळ करूनही लावा, कित्येकदा पातळ केलेलाच चालतो कारण अडथळा आणणारी घाणही पातळ होते. पाण्याचा कंट्रोल, म्हणजे डीएनएऐवजी नुसतं पाणी घातलेली ट्यूब, प्रत्येक वेळी.

पद्धत बरोबर चालतेय का हे बघायला माझ्याकडे रत्ना असतोच. नीलम आणि हापूसच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात १९८१ मध्ये आलेली जात, म्हणजे प्रत्येक एसएसआर मार्करवर (जातीजातीत लांबी बदलणाऱ्या डीएनएच्या खुणेवर) त्याचा एक अ‍ॅलील (त्या खुणेचं एक रूप) नीलमचा आणि एक हापूसचा निघाला पाहिजे. तिन्ही शेजारी शेजारी चालवा, जुळलं नाही तर सॅम्पलमध्ये किंवा पद्धतीत गडबड आहे.

बागायतदार एक गोष्ट हमखास विचारतात, २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, मग डीएनएवरून देवगडचा हापूस आणि कर्नाटकातला हापूस वेगळा ओळखता येईल का. त्यांना सरळ सांगा की आपल्या या मार्करने नाही, कलमावर वाढलेली झाडं ती, म्हणजे दोघांचा डीएनए जवळजवळ सारखाच, जात हापूस आहे की नाही एवढं कळतं, ती कुठल्या मातीत वाढली ते कळत नाही. पानं देणाऱ्या माणसाला नको ती आशा लावू नका. मी रिझल्ट आला की झाडाचा नंबर आणि जातीचं नाव एका कागदावर मराठीत लिहून बागेत नेऊन देते, आणि पुढच्या पालवीला कुठल्या झाडाला परत यायचंय तेही तेव्हाच ठरवून टाकते.