कृपया आहेर आणू नये : कोविडच्या वर्षातली एक अमेरिकन कॉलेज अ‍ॅडमिशन

लग्नपत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' असं छापलेलं असतं, तरी आपण पाकीट पर्समध्ये टाकूनच हॉलवर जातो. तिथे गेल्यावर स्टेजकडे बघत अंदाज घेतो, कोणी देतंय का, मुलीचे वडील घेतायत का, आणि मग ठरवतो. २०२० मध्ये इथल्या कॉलेजांनी एकामागून एक 'टेस्ट ऑप्शनल' जाहीर केलं तेव्हा आमच्या घरात नेमकं हेच सुरू झालं. लेक हायस्कूलचं तिसरं वर्ष, म्हणजे अकरावी, संपवत होती. एसएटी म्हणजे इथली कॉलेजप्रवेशासाठीची परीक्षा. 'एसएटीचा स्कोअर पाठवला नाही तरी चालेल' या एका वाक्याचा अर्थ लावण्यात आमचे सहा महिने गेले.

हे लिहितेय ते भारतातून नुकत्याच अमेरिकेत आलेल्या, मुलं आठवी-नववीत असलेल्या आईबापांसाठी. मी सांगलीची, बारावीच्या टक्क्यांवर वाढलेली. आमच्या वेळी गुणपत्रिका हातात आली की कट-ऑफची यादी बघायची आणि जिथे नाव बसतंय तिथे फी भरून मोकळं व्हायचं. इथे मुळात अशी यादीच नसते. शाळेतले चार वर्षांचे ग्रेड, कुठले विषय घेतले, निबंध, शिक्षकांची पत्रं, शाळेबाहेरचे उद्योग असं सगळं एकत्र वाचलं जातं. आम्हाला त्यात कळणारा आकडा एकच होता, एसएटी. नेमका तोच त्या वर्षी डळमळला.

मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने मे आणि जूनच्या एसएटी रद्द केल्या. लेकीचं नाव मेच्या परीक्षेला होतं. मग २९ ऑगस्टची तारीख मिळाली, केंद्र घरापासून दहा मिनिटांवरची शाळा. परीक्षेच्या तीन दिवस आधी ईमेल आला, केंद्र बंद. आम्ही एकटेच नव्हतो. त्या परीक्षेला चार लाखांच्या आसपास मुलांनी नाव नोंदवलं होतं, त्यातल्या पावणेदोन लाखांहून जास्त मुलांना केंद्रं बंद असल्यामुळे किंवा जागा कमी केल्यामुळे बसताच आलं नाही. शेवटी २६ सप्टेंबरला जागा मिळाली ती पेनसिल्व्हेनियात, दोन तासांवर.

पहाटे पाचला निघालो. शाळेच्या दारात एक बाई मुलांचं तापमान बघून आत सोडत होती. आई-वडिलांना गाडीतून उतरायची परवानगी नाही. पार्किंगमध्ये न्यूयॉर्कच्या, मेरीलँडच्या पाट्या लावलेल्या गाड्या, आणि प्रत्येकीत एक तरी माणूस स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपलेला. मी डब्यातले गार पोहे खात होते. शेजारच्या गाडीतल्या तेलुगू बाईंनी काच चार बोटं खाली करून विचारलं, "तुम्ही स्कोअर पाठवणार का?" आत पेपर सुरू होऊन तासही झाला नव्हता.

स्कोअर आला १४१०. नवऱ्याने लगेच फोनवर हिशेब केला, १६०० पैकी म्हणजे ८८ टक्के, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. हा हिशेब करू नका. एसएटी शून्यापासून सुरूच होत नाही, ४०० पासून होते. पर्सेंटाइलने पाहिलं तर १४१० नव्वदीच्या बरंच वर जातं. पण कॉलेजला नुसतं पर्सेंटाइलही बघायचं नसतं. आपल्याकडे येणाऱ्या मुलांच्या रांगेत हा आकडा कुठे बसतो, ते बघायचं असतं.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आहेराच्या बाबतीत घरं तीन तऱ्हेची असतात. काही घरी आहेर लागतोच. फ्लोरिडाच्या सरकारी विद्यापीठांनी महामारीतही स्कोअरची अट सोडली नाही. काही घरी दिला तरी परत करतात, त्याला इथे 'टेस्ट ब्लाइंड' म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठ, ज्याला सगळे यूसी म्हणतात, आधी ऑप्शनल होणार होतं, मग कोर्टाने स्कोअर वापरायलाच मनाई केली आणि २०२१ च्या तडजोडीनंतर तर तो विषयच मिटला. लेकीने एका यूसीला अर्ज केला तेव्हा तिथे १४१० आणि १६०० सारखेच होते. ही दोन्ही घरं सोपी. सगळी झोप उडाली ती मधल्या, 'दिला तरी चालेल, नाही तरी चालेल' म्हणणाऱ्या घरांमुळे.

मधल्यांतही जुनी आणि नवी असा फरक होता. मेन राज्यातलं बोडिन कॉलेज १९६९ पासून स्कोअर मागत नाही. शिकागो विद्यापीठाने २०१८ मध्ये मागणं सोडलं. अशा ठिकाणी स्कोअरशिवाय अर्ज वाचायची सवय होती. पण एप्रिल २०२० मध्ये कॉर्नेलने आणि उन्हाळा संपेपर्यंत आठही आयव्हींनी, म्हणजे हार्वर्डसारख्या जुन्या नामांकित विद्यापीठांनी, जे जाहीर केलं, ते केंद्रंच बंद म्हणून. तिथे वाचणारी माणसं तीच, मोजपट्टी मात्र अचानक हातातून गेलेली. शाळेच्या काउन्सेलरला विचारलं तर त्या म्हणाल्या, "कॉलेजं म्हणतात ते खरं धरा." नवरा म्हणाला, पत्रिकेवर सगळेच तसं छापतात.

मला वाट सापडली ती एका रटाळ कागदात. बहुतेक कॉलेजं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचा तक्ता आपल्या वेबसाइटवर टाकतात. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द टाकून शोधा. त्यातला सी विभाग उघडा. सी-७ मध्ये ग्रेड, निबंध, स्कोअर, मुलाने कॉलेजमध्ये दाखवलेला रस अशा एकेका गोष्टीपुढे 'फार महत्त्वाचं' पासून 'विचारात घेत नाही' पर्यंत खूण केलेली असते. सी-९ मध्ये प्रवेश घेतलेल्यांपैकी किती टक्क्यांनी स्कोअर दिला आणि त्यांच्यातल्या मधल्या निम्म्या मुलांचे स्कोअर कुठून कुठपर्यंत होते, हे असतं. यूट्यूबवरच्या शंभर सल्लागारांपेक्षा ही दोन पानं मला जास्त उपयोगी पडली.

पण सी-९ वाचताना एक गोम आहे. आहेराच्या वहीत फक्त पाकीट देणाऱ्यांचीच नावं असतात. ऐच्छिक केल्यावर कमी स्कोअरवाले पाठवतच नाहीत, त्यामुळे छापलेले आकडे आपोआप वर सरकतात. ते बघून पुढच्या वर्षीचे १४०० वाले घाबरतात, तेही पाठवत नाहीत, आणि आकडे आणखी वर जातात. मुलं तीच असतात, वही फुगत जाते. म्हणून आम्ही २०२० च्या आधीचे तक्ते काढले, जेव्हा बहुतेक ठिकाणी सगळ्यांनाच स्कोअर द्यावा लागत होता. त्यात १४१० मधल्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात असेल तिथे पाठवायचा, खालच्या टोकाशी असेल तिथे नाही, असं ठरवलं. अकरा कॉलेजांपैकी पाच ठिकाणी पाठवला. तुम्ही ऐच्छिक कॉलेजला अर्ज करत असाल तर तुम्हालाही जुने-नवे दोन्ही तक्ते शेजारी ठेवून बघायला सांगेन.

पैशाचं वेगळं बघा. प्रवेशाला स्कोअर नको, पण गुणवत्तेच्या स्कॉलरशिपला हवा, असं काही कॉलेजांत होतं आणि ते वेबसाइटच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर लिहिलेलं असायचं. आपल्यातल्या ज्यांची मुलं एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आहेत त्यांना सरकारची फेडरल मदत मिळत नाही, त्यामुळे कॉलेजची स्वतःची स्कॉलरशिप हाच मोठा आधार. तिथे ईमेल करून विचाराच. लाजू नका, उत्तरं देतात.

आता आमंत्रणांबद्दल. पीएसएटी, म्हणजे एसएटीआधीची सराव परीक्षा, देताना मुलं तेव्हा एक खूण करायची, 'कॉलेजांना माझी माहिती दिली तरी चालेल'. मग ती नावं कॉलेजांना विकत मिळायची. त्या काळात दर होता एका नावाला ४७ सेंट. लेकीने सोळा वर्षांची पोर जशी करेल तशी सगळ्या फॉर्मवर खूण केली होती. घरी चकचकीत पत्रांचा गठ्ठा यायला लागला. 'तुझ्यासारख्या विद्यार्थिनीची आम्ही वाट बघतोय.' सासूबाई डिसेंबर २०१९ मध्ये सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि विमानं बंद झाल्याने अडकल्या होत्या. त्यांनी ती सगळी पत्रं देवघराशेजारी रचून ठेवली, नातीला इतकी स्थळं सांगून आली म्हणून.

ती स्थळं नव्हती, जाहिराती होत्या. महामारीत कॉलेजांचे प्रतिनिधी शाळांत जाऊ शकत नव्हते, मेळावे बंद, कॅम्पस बंद. मग सगळा जोर ईमेल आणि झूमवर आला. फी माफ करतो, निबंध नको, अर्धा फॉर्म आम्हीच भरलाय, फक्त बटण दाब. अर्ज वाढले की नकार वाढतात, आणि नकार वाढले की कॉलेज दुर्मिळ दिसतं. पत्र आलं म्हणजे प्रवेशाची शक्यता वाढली असं अजिबात नाही, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

झूमचा मात्र फायदा झाला. पूर्वी जे बघायला विमानाची तिकिटं काढावी लागली असती ते जेवणाच्या टेबलावर दिसलं. व्हर्च्युअल टूरमध्ये कायम ऑक्टोबरच असतो आणि कायम कोणीतरी फ्रिसबी खेळत असतं, त्यात वेळ घालवू नका. त्यापेक्षा तिथल्या विद्यार्थ्यांशी गप्पांचं सत्र असेल तिथे बसवा. लेकीने एका सत्रात विचारलं, रविवारी रात्री जेवायला काय असतं? तिकडचा मुलगा हसला आणि म्हणाला, सीरियल, म्हणजे दुधातले कॉर्नफ्लेक्स वगैरे. जे कॉलेज सी-७ मध्ये 'मुलाचा रस' विचारात घेतं, तिथे या सत्रांना नाव नोंदवून हजर राहिल्याची नोंद होते, हेही लक्षात ठेवा. मुलाखतीही झूमवरच. एका माजी विद्यार्थिनीशी लेक गंभीरपणे बोलत असताना मागे कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, आणि पुढची दहा मिनिटं त्या दोघी वरण-भातावर बोलल्या.

निबंध ६५० शब्दांचा. त्याशिवाय त्या वर्षी कॉमन अ‍ॅपवर, म्हणजे अनेक कॉलेजांसाठीच्या एकाच सामाईक ऑनलाइन अर्जावर, कोविडसाठी २५० शब्दांची वेगळी जागा दिली होती, तीही ऐच्छिक. आम्हाला वाटलं तिथे व्यथा ओतायची. काउन्सेलरनी थांबवलं. तिथे फक्त कोरडी हकिकत हवी होती. वसंतातल्या सत्रात शाळेने ग्रेडऐवजी पास-फेल दिलं, उन्हाळ्यातलं प्रयोगशाळेचं काम रद्द झालं, एसएटीचं केंद्र बंद झालं, एवढंच. लेकीने पाच ओळींत आटोपलं. ती जागा आता तशी नाही, पण घरात आजारपण किंवा शाळाबदल असं काही झालं असेल तर 'अतिरिक्त माहिती'च्या रकान्यात असंच कोरडं लिहावं. भारतातून मधल्या वर्षात आलेल्या मुलांना याचा फार उपयोग आहे.

मोठा निबंध तिने आजीच्या मास्कवर लिहिला. मास्क शिवणाऱ्या मुलांचे निबंध त्या वर्षी पोत्याने येणार, हे तिलाही माहीत होतं. पण तिने सेवेबद्दल लिहिलंच नाही. आजी सुती पातळ फाडून वितीने मोजायची, नात टेप लावून सेंटिमीटर लिहायची, आणि दोघींनी भांडून शिवलेले पहिले वीस मास्क फक्त आजीच्याच तोंडाला बसले, ती गंमत होती. मला तो निबंध फार किरकोळ वाटला होता. मी तिला ऑलिम्पियाडबद्दल लिहायला सांगत होते. तिने ऐकलं नाही, बरं झालं.

जानेवारीत कॉलेज बोर्डाने सब्जेक्ट टेस्ट (एकेका विषयाच्या वेगळ्या परीक्षा) आणि एसएटीचा निबंध बंद केल्याचं जाहीर केलं. गणित लेव्हल टूची दोन जाड पुस्तकं आजही गॅरेजमध्ये आहेत. अर्जांचा पूर इतका आला, की आयव्हींचे निकाल ६ एप्रिलपर्यंत पुढे गेले. हार्वर्डकडे ५७,४३५ अर्ज आले होते, आदल्या वर्षी ते चाळीस हजारांच्या आसपास होते. आमच्याकडे चार होकार, तीन वेटलिस्ट, बाकी नकार. चार होकारांपैकी दोन ठिकाणी स्कोअर पाठवला होता, दोन ठिकाणी नाही. यातून नियम काढायचा प्रयत्न मी खूप केला. निघत नाही.

तुमच्या मुलांची वेळ येईल तेव्हा चित्र वेगळं असेल. एमआयटीने मार्च २०२२ मध्येच अट परत आणली. २०२४ मध्ये डार्टमथ, हार्वर्ड वगैरेंनी आणली. यूसी मात्र अजून बघत नाही. परीक्षाही बदलली. २०२४ पासून इथे ती लॅपटॉपवर असते, २ तास १४ मिनिटांची, आणि पहिला भाग कसा सोडवला त्यावर दुसरा सोपा की अवघड ते ठरतं. प्रत्येक कॉलेजचा नियम ज्या वर्षी अर्ज करणार त्या वर्षीचाच बघा, शेजारच्यांच्या मुलाच्या वर्षाचा नको.

डार्टमथने अट परत आणताना सांगितलेलं एक कारण मला लागलं. साधनं कमी असलेल्या घरांतल्या काही मुलांनी, उपयोगी पडला असता असा स्कोअर उगाच लपवला होता. आमचं घर काही तसं नाही. पण तीन वेटलिस्टपैकी एका ठिकाणी १४१० न पाठवण्याचा निर्णय माझा होता, लेकीचा नव्हता. ती कधी बोलून दाखवत नाही.

एक राहिलं. कॉलेजांसाठी मुलाचा वेगळा ईमेल आयडी काढा. लेकीने काढला होता. ती पदवी घेऊन नोकरीला लागली, तरी परवा त्यावर आलं, 'तुझ्यासारख्या विद्यार्थिनीची आम्ही वाट बघतोय.' तिने ते आजीला फॉरवर्ड केलं, सांगलीला.