पेन्शनवर येताना या चुका टाळा

लष्करातील जवान बहुधा पस्तिशी ते चाळिशीच्या दरम्यान पेन्शनवर येतो. ज्या वयात त्याचा गावातला वर्गमित्र नोकरीत स्थिरावलेला असतो, त्या वयात त्याला पुन्हा उमेदवारी करावी लागते. मुले शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात आणि पुढची किमान वीस वर्षे कमवायचे असते. मी स्वतः हवालदार क्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि तेव्हापासून सातारा जिल्ह्यातील माजी सैनिकांचे अर्ज, खुलासे आणि प्रतिज्ञापत्रे लिहून देतो. माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक अडचणी घरी आल्यावर निर्माण झालेल्या नसतात. अंगावर वर्दी असतानाच, ‘घरी गेल्यावर बघू’ असे म्हणून पुढे ढकललेल्या त्या गोष्टी असतात. त्यामुळे ज्यांची शेवटची दोन वर्षे उरली आहेत, त्यांच्यासाठी हे मुख्यतः लिहीत आहे. ज्यांच्या हातून चूक होऊन गेली आहे, त्यांच्यासाठीही जिथे उपाय आहे तिथे तो दिला आहे.

नावातला फरक तसाच ठेवणे

आपल्याकडे अनेक घरांत लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत आहे. जवान सुट्टीवर येतो, लग्न करतो, परत जाऊन युनिटमध्ये पत्नीचे नाव नोंदवतो आणि कित्येकदा ते माहेरचे नाव असते, कारण हाताशी असलेला शाळेचा दाखला त्याच नावाचा असतो. पुढे आधार कार्ड सासरच्या नावाने निघते, बँकेचे खातेही त्याच नावाने निघते. पंधरा-सतरा वर्षे याने काहीच बिघडत नाही. निवृत्तीच्या वेळी मात्र पेन्शनची सगळी माहिती ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीत जाते आणि तिथे सेवा अभिलेखातील नाव, आधारवरील नाव आणि संयुक्त खात्यावरील नाव एकच असावे लागते. गेल्या वर्षी नायक हुद्द्यावरील एका जवानाच्या विधवेचे प्रकरण माझ्याकडे आले. तिच्यासमोर तीन कागद होते आणि तीन कागदांवर तिची तीन नावे होती. ती एकच बाई आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक होते; कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायला मात्र कित्येक महिने गेले.

युनिटमध्ये असताना हेच काम विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र जोडून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवा अभिलेखातील बदलाचा युनिटचा आदेश, काढून घेतल्यास होते. निवृत्तीनंतर त्यासाठी प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सेवा अभिलेख सांभाळणाऱ्या कार्यालयाला, अर्ज पाठवा आणि सुधारित पेन्शन आदेशाची वाट पाहा, असा लांबचा रस्ता आहे. रस्ता लांब असला तरी तो पतीच्या हयातीतच पुरा करावा, कारण त्याच्यामागे तिला हे सारे एकटीने करावे लागते. मुलांची नावे आणि जन्मतारखाही याच वेळी पडताळून घ्याव्यात. जवानाची स्वतःची जन्मतारीख मात्र सेवा अभिलेखात आहे तीच धरली जाते, त्यामुळे आधार कार्ड त्याप्रमाणे सुधारून घेणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

शेवटच्या वैद्यकीय तपासणीत दुखणे झाकणे

निवृत्तीपूर्व वैद्यकीय मंडळासमोर ‘सब ठीक है साहब’ म्हणून मोकळे होण्याची आपल्या जवानांची सवय आहे. कानाला कमी ऐकू येत असते, उंचावरच्या चौकीवर काढलेल्या हिवाळ्यांनी गुडघे गेलेले असतात, पण एकदाचे घर गाठायचे असते. अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी आजार सेवेमुळे उद्भवला किंवा सेवेमुळे बळावला, हे मान्य व्हावे लागते आणि त्याचे प्रमाण किमान २० टक्के ठरावे लागते. हे सर्व त्या मंडळाच्या कागदावर ठरते. तिथे जे नोंदवलेच गेले नाही, ते पाच वर्षांनी सिद्ध करणे फार कठीण जाते. लहानमोठी प्रत्येक तक्रार, रुग्णालयातील दाखल्यांसह, तिथे सांगितलीच पाहिजे. त्यात कमीपणा नाही.

पंधरा वर्षांच्या आत स्वेच्छेने बाहेर पडणे

घरचा प्रश्न, शेती, आईचे आजारपण अशा कारणांनी काही जण बारा-तेरा वर्षांनी स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडतात. जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षांची सेवा लागते, हे सगळ्यांना माहीत असते. मात्र पेन्शन न मिळवता स्वतःच्या विनंतीवरून सेवा सोडणारा केंद्र सरकारच्या भरती नियमांच्या व्याख्येत ‘माजी सैनिक’ ठरत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. म्हणजे पेन्शन जाते आणि आरक्षणही जाते. अडचण खरी असेल तर घराजवळ नियुक्ती किंवा लांब रजा यांसाठी अर्ज करावा, अगदी कमांडिंग ऑफिसरला प्रत्यक्ष भेटून विनंती करावी. पण सहीचा कागद पुढे येण्यापूर्वी हे गणित पत्नीसोबत बसून मांडावे.

‘ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट’ म्हणजे पदवी असे समजणे

कॉलेजच्या बाबतीत मला सर्वांत जास्त वाईट याच चुकीचे वाटते, कारण ती करणारा माणूस शिकण्यासाठीच आलेला असतो. दहावी उत्तीर्ण किंवा लष्कराचे विशेष शिक्षण प्रमाणपत्र मिळवलेला आणि किमान १५ वर्षे सेवा झालेला जवान केंद्र सरकारच्या ज्या गट ‘क’ पदांना पदवी लागते, त्या पदांसाठी पात्र मानला जातो. अट एवढीच की त्या पदाला तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभव अनिवार्य नसावा. बँकांच्या लिपिक भरतीतही अशी तरतूद असते. ही सवलत नोकरीपुरती आहे. तिच्यासाठी लष्कराकडून मिळणाऱ्या ‘ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट’च्या कागदावर गुण नसतात, विषय नसतात आणि तो कोणत्याही विद्यापीठाने दिलेला नसतो.

माझ्या ओळखीचे एक सुभेदार तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायला गेले होते. इस्त्री केलेला पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकच्या पाकिटात जपलेले ते प्रमाणपत्र. खिडकीतल्या मुलीने ते दोनदा उलटसुलट पाहिले आणि विचारले, “काका, याच्यासोबत मार्कशीट?” त्यांना उत्तर देता आले नाही. ते परत आले, तेव्हा त्यांना अपमानापेक्षा वाया गेलेल्या वर्षांचे दुःख होते, कारण नोकरीत असतानाच त्यांना खरी पदवी घेता आली असती.

ती घेण्याची सोय आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ पासून नेमके अशाच विद्यार्थ्यांसाठी आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे देशभर असल्याने बदलीच्या नोकरीत ते अधिक सोयीचे पडते, असे माझे मत आहे. दहावीवर भरती झालेल्यांनी आधी बारावी करावी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत ती सेवेत असतानाही करता येते. परीक्षेच्या तारखा पाहूनच वार्षिक रजेचा बेत आखावा. लग्नसराईची रजा घेतली आणि परीक्षा हुकली, असे करत तीन वर्षांची पदवी सात वर्षे रेंगाळलेली मी पाहिली आहे.

निवृत्तीनंतर नियमित कॉलेजात जाणाऱ्यांनी शाळा सोडल्याचा मूळ दाखला शोधून ठेवावा आणि मधल्या वर्षांच्या खंडाबद्दलचे प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे. डिस्चार्ज बुकची, म्हणजे सेवामुक्तीच्या वेळी मिळणाऱ्या नोंदपुस्तिकेची, प्रत त्याला जोडली की पुढे प्रश्न उरत नाहीत. वर्गात अठरा वर्षांची मुले असतील. त्यांना शिस्त लावण्याच्या फंदात न पडता पहिल्या बाकावर बसून शिकावे. मुले आपोआप मान देतात.

पुनर्वसनाचा कोर्स म्हणजे घराजवळची सुट्टी असे मानणे

संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय सेवेच्या शेवटच्या टप्प्यातील जवानांसाठी अभ्यासक्रम चालवते. अर्ज युनिटमधून जातो. साताऱ्या-कोल्हापूरचा जवान पुण्यातला कोर्स निवडतो, तो कशाचा आहे हे पाहून नव्हे, तर शनिवारी घरी जाता येते म्हणून. घराची ओढ मला समजते, पण सरकारी खर्चाने आणि पूर्ण पगारात शिकण्याची ही शेवटची संधी असते. ज्याला पुढे वाहतूक व्यवसायात जायचे आहे, त्याने संगणकाचा जुजबी कोर्स करून काय साधणार?

आरक्षणाचा लाभ नकळत घालवणे

हा भाग शांतपणे वाचावा. केंद्र सरकारच्या गट ‘क’ पदांत माजी सैनिकांना १० टक्के आणि पूर्वीच्या गट ‘ड’ पदांत २० टक्के आरक्षण आहे. सार्वजनिक बँका आणि उपक्रमांत अपंग माजी सैनिक व शहिदांच्या वारसांचा वाटा धरून हेच प्रमाण १४.५ आणि २४.५ टक्के आहे. महाराष्ट्र शासनाच्या गट ‘क’ आणि ‘ड’ पदांत १५ टक्के समांतर, म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतच धरले जाणारे, आरक्षण आहे. केंद्राच्या या पदांसाठी वयातून लष्करी सेवा वजा केली जाते आणि उरलेले वय कमाल मर्यादेपेक्षा तीन वर्षांपर्यंत जास्त असले तरी चालते.

पहिली चूक अशी की, डिस्चार्ज हातात पडेपर्यंत अर्जच केला जात नाही. केंद्राच्या भरतीत एका वर्षाच्या आत निवृत्त होणार असलेल्या जवानाला अर्ज करता येतो. त्यासाठी युनिटचे प्रमाणपत्र लागते. भरतीच्या प्रक्रियेला वर्ष-दीड वर्ष लागते हे लक्षात घेता, हे एक वर्ष फार मोलाचे आहे.

दुसरी चूक त्याहून महाग पडते. आरक्षणाचा लाभ घेऊन केंद्राच्या नागरी सेवेत रुजू झाले की दुसऱ्या नोकरीसाठी तेच आरक्षण पुन्हा मिळत नाही. वयाची सवलत तेवढी राहते. मात्र १४ ऑगस्ट २०१४ च्या कार्यालयीन आदेशानुसार, रुजू होण्यापूर्वी जिथे जिथे अर्ज केले आहेत त्यांची तारखांसह यादी रुजू होताच नव्या कार्यालयाला लेखी दिली, तर त्या अर्जांपुरता लाभ कायम राहतो. ही यादी म्हणजे एका पानाचा कागद असतो. माझ्याकडे आलेला एक हवालदार एका कार्यालयात शिपाई म्हणून रुजू झाला, कारण पुढ्यात आलेली नोकरी सोडवली नाही. त्याआधी दिलेल्या एका परीक्षेत त्याची लिपिकपदासाठी निवड झाली, पण त्याने ती यादी दिलेली नव्हती आणि ती द्यायची असते हे त्याला कोणी सांगितलेही नव्हते. म्हणून रुजू होण्याच्या दिवशीच घोषणापत्र द्यावे आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा. खासगी किंवा निव्वळ कंत्राटी नोकरीने हा लाभ संपत नाही, त्यामुळे तोवर सुरक्षारक्षकाचे काम धरायला हरकत नाही. फक्त त्या एजन्सीकडे परवाना आहे ना आणि भविष्यनिर्वाह निधी कापला जातो ना, एवढे पाहावे. पुण्याच्या महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळाकडे, म्हणजे ‘मेस्को’कडे, अशा कामांसाठी नाव नोंदवता येते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील रोजगार नोंदणीही पहिल्याच आठवड्यात करून टाकावी.

मराठीचा सराव सुटणे

वीस वर्षे हिंदीत बोलून आणि रोमन लिपीत निरोप पाठवून आपले मराठी लेखन गंजते. तलाठी भरतीच्या २०० गुणांपैकी ५० गुण मराठीचे असतात आणि तिथे समास, प्रयोग, वाक्प्रचार विचारले जातात. लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचे प्रमाणपत्र लागते. हे दोन्ही शेवटच्या वर्षात बराकीत बसून साधण्यासारखे आहे.

खासगी नोकरीच्या अर्जात आपले काम आपल्याच बोलीत लिहिणे हीसुद्धा भाषेचीच चूक आहे. ‘एम. टी. हवालदार, चार वर्षे’ यातून कंपनीच्या माणसाला काहीही कळत नाही. तीस वाहनांचे वेळापत्रक, इंधन, टायर आणि दुरुस्तीचा हिशेब सांभाळला आणि चाळीस चालकांना कामे वाटून दिली, असे लिहिले की कळते. चालकांनी सेवेत असतानाच आरटीओचा जड वाहनाचा परवानाही काढून ठेवावा.

एकरकमी पैसा चारचौघांत बोलणे

पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा हिस्सा विकता, म्हणजे एकरकमी आगाऊ घेता, येतो आणि तो १५ वर्षांनी पूर्ववत होतो. ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी आणि विम्याची रक्कमही याच सुमारास हाती येते. गावात ही बातमी जवानाच्या आधी पोहोचलेली असते. दामदुप्पट योजना, भागीदारीतला जेसीबी, एनए न झालेला प्लॉट, सारे दारात येते. पहिले सहा महिने पैसा बँकेच्या मुदत ठेवीतून हलवू नये. ज्येष्ठ नागरिक बचत योजना निवृत्त सैनिकांना ५० व्या वर्षापासून खुली होते, त्यामुळे अडतिशीतल्या जवानाला ती लगेच मिळणार नाही, हेही ध्यानात ठेवावे.

२०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतील मुलांना हे अधिक लागू पडते. त्यांना पेन्शन नाही; चार वर्षांनंतर सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी मिळतो. माजी सैनिकांच्या सवलती आपल्याला आपोआप लागू होतील असे त्यांनी गृहीत धरू नये. प्रत्येक जाहिरातीत अग्निवीरांचा स्वतंत्र उल्लेख शोधावा. त्यांच्याजवळ वय आहे. तेवीस-चोविसाव्या वर्षी नियमित पदवी सहज घेता येते, आणि सेवानिधीतील पहिला खर्च गाडीचा नव्हे तर कॉलेजच्या शुल्काचा असावा.

शेवटी काळ्या पेटीबद्दल. डिस्चार्ज बुक, पेन्शन आदेश, वैद्यकीय मंडळाची कागदपत्रे, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या कार्डाचा अर्ज हे सर्व बहुतेकांच्या घरी माळ्यावरच्या त्या लोखंडी पेटीत गणवेशाखाली दबलेले असते आणि किल्ली जवानाच्याच जानव्याला किंवा पाकिटात असते. या कागदांच्या दोन संचांत प्रती काढून एक संच पत्नीच्या कपाटात ठेवावा. ‘स्पर्श’चा परवलीचा शब्द, दरवर्षीच्या हयातीच्या दाखल्याचा महिना आणि रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता तिच्या हस्ताक्षरात तिच्याच वहीत लिहून घ्यावा.